टक्करयंत्रातलं बॅकग्राउंड आणि डेटाची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात व्याख्यान झालं की प्रश्न तिथेच संपत नाहीत, ते पुढे महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. 'हिग्ज सापडला कसा' असं आता फारसं कोणी विचारत नाही. 'सापडलं ते खरं कशावरून' असं विचारतात, आणि मला हाच प्रश्न जास्त आवडतो. मी मुंबईत बसून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या टक्करयंत्रावरच्या प्रयोगांच्या डेटावर काम करते. माटुंगा, ठाणे, विरार, पनवेल अशा सगळीकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, ९ नंतरचे जरा चिवट.

१. 'बॅकग्राउंड' म्हणजे नेमकं काय? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

शब्द एक आणि अर्थ दोन, म्हणून हा घोळ होतो. हिग्ज कणाचं दोन फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या कणांमध्ये, रूपांतर होतं, पण साध्या टकरींतूनही दोन फोटॉन निघतात, आणि तेही भरपूर. ते कण खरे, टक्करही खरी, फक्त आपण शोधतोय ते हे नव्हे. हे झालं भौतिकीतलं बॅकग्राउंड.

दुसरं बॅकग्राउंड डिटेक्टरमधलं, म्हणजे टकरीतले कण टिपणाऱ्या उपकरणातलं. आपल्या टकरीशी ज्याचा काही संबंध नाही, तरी डिटेक्टरमध्ये ज्याची नोंद होते, असं सगळं यात मोडतं. या पानावर याच अर्थाबद्दल बोलायचंय. पहिल्याचा हिशेब महिनोन्‌महिने बसून करता येतो. दुसऱ्यावर त्या त्या क्षणीच नजर ठेवावी लागते.

२. हा नको असलेला पसारा येतो कुठून?

बराचसा बीममधूनच, म्हणजे यंत्रात धावणाऱ्या प्रोटॉनच्या झोतातून. लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या २७ किलोमीटरच्या नळीत निर्वात असतं, पण अगदी शून्य नाही. उरल्यासुरल्या वायूच्या रेणूवर प्रोटॉन आपटला की तिथेच कणांचा फवारा उडतो. बीमच्या कडेचे भरकटलेले प्रोटॉन कोलिमेटर नावाच्या जबड्यांवर अडवले जातात. तिथून निघालेले म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) बोगद्याला समांतर धावत थेट डिटेक्टरमध्ये घुसतात. याला हेलो म्हणतात. यंत्रातली चुंबकं बीमला आडव्या पातळीत वळवतात, त्यामुळे हेलोच्या खुणाही डिटेक्टरच्या डाव्या-उजव्या बाजूला, आडव्या रेषेवर जास्त पडतात. ऊर्जेचा असमतोल नेमका याच दोन दिशांना दिसायला लागला तर नवं भौतिकशास्त्र सापडल्याच्या आनंदात उडी मारू नये.

याशिवाय वरून येणारे वैश्विक किरण आहेत, गुहेत रेंगाळणारे न्यूट्रॉन आहेत, आणि शेजारच्या टकरींचे अवशेष आहेत. दोन टकरींमध्ये फक्त २५ नॅनोसेकंदांचं अंतर असतं. तेवढ्या वेळात प्रकाश साडेसात मीटर जातो आणि या यंत्रावरच्या सीएमएस प्रयोगाचा डिटेक्टर २१ मीटर लांब आहे. म्हणजे एका टकरीतले कण अजून बाहेर पडलेले नसताना पुढची टक्कर झालेली असते. दादरच्या जिन्यावर आधीच्या गाडीची गर्दी उतरत असतानाच पुढची गाडी येते ना, तसंच.

काही पसारा उपकरणाच्या पोटातलाच असतो. सीएमएसमध्ये लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक फोटॉनची ऊर्जा मोजतात. मधल्या नळकांड्यातल्या स्फटिकांच्या पाठीला प्रकाश टिपणारे फोटोडायोड चिकटवलेत. कधीकधी एखादा कण स्फटिकाला चुकवून थेट या डायोडवरच आदळतो, आणि संगणकाला वाटतं केवढा मोठा फोटॉन आला! पकडायचा कसा? खरा फोटॉन आला की ऊर्जा आजूबाजूच्या स्फटिकांत सांडते. इथे एकटाच स्फटिक पेटलेला असतो आणि चारही शेजारी थंड. शिवाय वेळही जुळत नाही.

थोडं विषयांतर. वैश्विक किरणांचं बॅकग्राउंड टाळायला जमिनीखाली जायचं, ही युक्ती मुंबईकरांना जुनी आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी जपानमधल्या ओसाका आणि इंग्लंडमधल्या डरहॅमच्या सहकाऱ्यांसोबत १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनो (वातावरणात तयार होणारे, खडकातूनही आरपार जाणारे कण) टिपले होते. तिथे दोन किलोमीटरचा खडक हीच गाळणी होती.

३. टकरीतला कण आणि बीमसोबत बाहेरून आलेला कण, फरक कळतो कसा?

घड्याळावरून. समजा टक्कर होते त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना साधारण १.८ मीटरवर एकेक संवेदक बसवलाय. प्रकाशाला हे अंतर कापायला सुमारे ६ नॅनोसेकंद लागतात. टकरीतून निघालेले कण दोन्ही संवेदकांवर एकाच वेळी पोचतात, टकरीनंतर ६ नॅनोसेकंदांनी. बीमबरोबर आलेला हेलोचा कण मात्र येण्याच्या बाजूचा संवेदक टकरीच्या ६ नॅनोसेकंद आधी ओलांडतो आणि जाण्याच्या बाजूचा ६ नॅनोसेकंद नंतर. जो आधी आला तो बाहेरचा. अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांत अशा अंतरावर हिऱ्याचे संवेदक बसवले गेले ते याच गणितावरून.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. यंत्रात प्रोटॉन बंचेसमध्ये, म्हणजे पुंजक्यांत फिरतात. त्यांतले काही बंच मुद्दाम बिनजोडीचे ठेवतात, समोरून त्यांना भेटायला कोणी येत नाही. टक्कर होणं शक्यच नाही, तरी त्या वेळी डिटेक्टरमध्ये जे काही दिसेल ते शुद्ध बॅकग्राउंड.

४. बॅकग्राउंड फार वाढलं तर मशीन बंद करतात का?

हो, आणि ते ठरवायला माणसाला वेळच मिळत नाही. बीमजवळच्या हिऱ्याच्या संवेदकांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की बीम आपोआप सोडून दिला जातो. प्रोटॉनला एक फेरी मारायला ८९ मायक्रोसेकंद लागतात, आणि दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण बीम बाहेरच्या ग्राफाइटच्या ठोकळ्यात जिरलेला असतो.

हिराच का, असंही लोक विचारतात. हिरा किरणोत्साराला दाद देत नाही, झटपट उत्तर देतो आणि त्याला थंड ठेवण्याचे लाड करावे लागत नाहीत. भारत डायमंड बोर्समधला हिरा मात्र चालणार नाही. इथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पातळ चकत्या लागतात.

२०१७ मध्ये यंत्राच्या १६एल२ नावाच्या एका तुकड्यात थोडी हवा शिरली आणि अतिशीत नळीत गोठून बसली. त्या गोठलेल्या कणांपायी बीम पुन्हा पुन्हा सोडून द्यावा लागत होता. शेवटी बंच भरण्याची मांडणीच बदलली, आठ भरलेले आणि चार रिकामे अशी, तेव्हा कुठे त्रास आटोक्यात आला.

५. डेटाची तपासणी नेमकी कोण आणि केव्हा करतं?

दोनदा होते. पहिली चालू असताना, ऑनलाइन. पाळीवरचा माणूस येणाऱ्या घटनांच्या (एकेका टकरीच्या नोंदींच्या) नमुन्यावरून काढलेले आलेख बघत बसतो. काम एवढंच, की आत्ता काही बिघडलंय का, आणि बिघडलं असेल तर कोणाला फोन करायचा.

दुसरी नंतर, ऑफलाइन. सीएमएसमध्ये डेटाचा एक छोटा प्रवाह तातडीने प्रक्रिया करून तपासायला देतात. मुख्य प्रक्रिया मात्र साधारण ४८ तास थांबवून ठेवतात, म्हणजे मधल्या वेळात बीमची नेमकी जागा, मुके किंवा बडबडे चॅनेल (काहीच न सांगणाऱ्या किंवा उगाच ओरडणाऱ्या संकेतवाहिन्या) वगैरे दुरुस्त्या तयार होतात. मग प्रत्येक उपकरणाचे जाणकार आपापल्या भागाला चांगला किंवा वाईट असा शेरा देतात. शेरे जुळवून जी यादी तयार होते तिच्याबद्दल प्रश्न ९ बघा.

६. शेरा दर २३ सेकंदांना असतो म्हणतात. २३च का?

गोल आकडा आवडणारा संगणक आहे म्हणून. सीएमएसमध्ये डेटाचा लहानात लहान हिशेबी तुकडा २ चा १८ वा घात एवढ्या फेऱ्यांचा, म्हणजे २,६२,१४४ फेऱ्यांचा असतो. सेकंदाला ११,२४५ फेऱ्या, भागाकार करून बघा. अ‍ॅटलसमध्ये हाच तुकडा साधारण मिनिटभराचा आहे.

७. पाळीवर असताना पडद्यावर काय दिसतं? कंटाळा येत नाही का?

येतो. आला म्हणजे सगळं ठीक चाललंय.

पडद्यावर मुख्यतः नकाशे असतात. डिटेक्टरचा पृष्ठभाग उलगडून सपाट केलाय आणि कुठे किती नोंदी पडल्या ते रंगाने दाखवलंय, असं समजा. नकाशात पांढरं भोक म्हणजे मुका भाग. एकच चौकोन लालभडक म्हणजे बडबडा चॅनेल. काटकोनी, धारदार कडांचं भोक असेल तर बहुधा वीजपुरवठा किंवा एखादी केबल, कारण निसर्ग काटकोनात फारसा बिघडत नाही. शेजारी संदर्भाचा आलेख असतो, आधीच्या एखाद्या चांगल्या रनचा, म्हणजे डेटा घेण्याच्या एका सलग सत्राचा. त्याच्याशी ताडून बघायचं.

माझ्या पहिल्या पाळीला नकाशाच्या दोन्ही बाजू ओस आणि वर-खाली मात्र दाट नोंदी, असं चित्र दिसलं. अर्ध्याहून जास्त उपकरण मेलं, या कल्पनेने रात्री तीनला जाणकाराला फोन लावला. नशिबाने पलीकडे पुण्याचा एक दादा होता. जांभई देत म्हणाला, "अगं, बीम कुठंय आत्ता? वरच्या ओळीत काय लिहिलंय ते वाच." वरच्या ओळीत 'कॉस्मिक' लिहिलं होतं. बीम नव्हताच, नुसते वैश्विक किरण नोंदवले जात होते. ते वरून येतात, त्यामुळे छताला आणि तळाला भरपूर लागतात, कडेच्या उभ्या भिंतींना कमी. नकाशा अगदी बरोबर होता. मी तो टकरींच्या रनशी ताडत होते. तेव्हापासून आधी रनचा प्रकार वाचते, मग चित्र बघते.

८. हे काम मुंबईतून करता येतं का? त्यासाठी जिनिव्हाला जावं लागतं?

नियंत्रणकक्षातल्या काही पाळ्या तिथेच कराव्या लागतात, पण नंतरची तपासणी घरबसल्या होते. वेळेचं गणित तेवढं सांभाळायचं. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. त्यांची सकाळी ७ ची पाळी म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेदहा, ऑफिसच्या वेळेसारखी. दुपारी ३ ची पाळी मात्र आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा ते पहाटे अडीच. ती कुलाब्यात बसून करायची असेल तर शेवटची लोकल गेलेली असते, अंथरूण सोबत ठेवा.

मुंबईचा संबंध नुसता पाळ्यांपुरता नाही. सीएमएसच्या मोठ्या चुंबकाच्या बाहेर कॅलॉरिमीटरचा (ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाचा) एक थर आहे, आत न जिरलेली हेड्रॉनची, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांची, ऊर्जा टिपणारा. तो उभारण्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. या थरात प्रकाश टिपायला आधी जे संवेदक होते ते चुंबकाच्या बाहेर पसरलेल्या क्षेत्रात नीट चालत नव्हते, त्यांच्यात विद्युत विसर्ग होऊन खोटे संकेत उठायचे. यंत्राच्या २०१३-१४ च्या मोठ्या सुटीत तिथे सिलिकॉनचे संवेदक बसवले. हा गोंगाट आधी कोणाच्या तरी आलेखात दिसला होता, म्हणून ही दुरुस्ती झाली. आणि हो, भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

९. खराब ठरलेला डेटा पुसून टाकतात का?

नाही. पुसत काहीच नाहीत, यादी बनवतात. कोणत्या रनचे कोणते तुकडे वापरायचे, एवढंच त्या यादीत असतं. सीएमएसमध्ये सगळी उपकरणं ठीक असलेल्या तुकड्यांच्या यादीला 'गोल्डन' म्हणतात. फक्त म्युऑनवर काम करणाऱ्यांसाठी वेगळी, जरा सैल यादी असते. कॅलॉरिमीटर रुसलेला असला तरी म्युऑनवाल्यांचं फारसं अडत नाही.

किती वाया जातं, याचा अंदाज अ‍ॅटलसच्या २०१५ ते २०१८ च्या हिशेबावरून येईल. यंत्राने सुमारे १५६ व्यस्त फेमटोबार्न एवढ्या टकरी दिल्या, अ‍ॅटलसने १४७ नोंदवल्या आणि १३९ भौतिकीसाठी योग्य ठरल्या. व्यस्त फेमटोबार्न हे टकरींच्या साठ्याचं माप आहे, तूर्तास पोत्यांसारखं समजा. नोंदवल्यावर खराब ठरली आठ पोती. वर्षानुवर्षं चोवीस तास चालणाऱ्या कोट्यवधी चॅनेलच्या उपकरणासाठी हे फार कमी आहे, असं माझं मत.

१०. उपकरणाचा एखादाच कोपरा बिघडला तर सगळं वर्ष टाकून द्यायचं?

इथे खरी पंचाईत होते. २०१८ च्या जूनअखेर सीएमएसच्या एका टोकाच्या हेड्रॉन कॅलॉरिमीटरमधल्या दोन शेजारच्या भागांचा वीजपुरवठा गेला, आणि त्या वर्षीचं डेटाग्रहण संपेपर्यंत तो परत आला नाही. ३६० पैकी ४० अंशांची फोड आंधळी. नेहमीचा नियम कडकपणे लावला असता तर २०१८ चा निम्म्याहून जास्त डेटा कचऱ्यात गेला असता. म्हणून तो चांगल्या यादीतच ठेवला आणि जबाबदारी विश्लेषण करणाऱ्यांवर टाकली.

त्रास दोन प्रकारचा. त्या फोडीत शिरलेल्या जेटची (हेड्रॉनच्या फवाऱ्याची) ऊर्जा कमी मोजली जाते, मग वाटतं काहीतरी अदृश्य निसटून गेलं. आणि हेड्रॉनची ऊर्जा दिसत नसल्यामुळे साधा जेट इलेक्ट्रॉनचा किंवा फोटॉनचा आव आणतो. ज्यांच्या विश्लेषणाला याची झळ बसते ते त्या दिशेला जेट असलेल्या घटना वगळतात. सिम्युलेशनमध्येही, म्हणजे संगणकावर तयार केलेल्या कृत्रिम घटनांतही, तेवढ्याच प्रमाणात वगळायच्या, हे नवखे हमखास विसरतात. मीही विसरले होते.

११. सगळे आलेख हिरवे असूनही डेटा चुकीचा असू शकतो का?

असू शकतो, आणि या पानावरचं सगळ्यात अस्वस्थ करणारं उत्तर हेच आहे.

किरणोत्साराने स्फटिक हळूहळू धुरकट होतात. २०१६-१७ मध्ये सीएमएसच्या टोकाकडच्या स्फटिकांच्या संकेतांची वेळ यामुळे सरकत गेली आणि ट्रिगरला, म्हणजे कोणती टक्कर साठवायची ते क्षणात ठरवणाऱ्या यंत्रणेला, त्याची पुरेशी दुरुस्ती मिळाली नाही. परिणाम असा, की काही वेळा ट्रिगर एक टक्कर आधीच वाजायचा. नियमाप्रमाणे एकदा ट्रिगर वाजला की पुढच्या दोन टकरींना तो बंद असतो. म्हणजे चुकीची, बहुधा बिनमहत्त्वाची टक्कर साठवली गेली आणि तिच्या मागची खरी कायमची गेली.

आता सांगा, हे आलेखात दिसणार कसं? जे साठवलं त्याचेच आलेख निघतात. न आलेल्यांचा हजेरीपट कुठून आणायचा? शेवटी वाट सापडली ती त्याच नियमातून. एखाद्या घटनेच्या तीन टकरी आधी योगायोगाने ट्रिगर वाजलेला असेल, तर मधल्या दोन टकरींना तो वाजूच शकत नाही. म्हणजे ही घटना घाईच्या ट्रिगरपायी हरवणं शक्य नव्हतं. अशा थोड्या घटना गोळा करून बाकीच्यांत किती गळती झाली ते मोजलं आणि सिम्युलेशनला तेवढी दुरुस्ती लावली.

१२. चुंबक बंद असताना घेतलेला डेटा कचराच ना?

सरसकट नाही. २०१५ मध्ये सीएमएसच्या चुंबकाच्या शीतकरणात अडचण आली आणि काही काळ ३.८ टेस्लाऐवजी शून्य क्षेत्रात डेटा घेतला गेला. भारित कणांचे मार्ग वळत नाहीत, त्यामुळे त्यांचा संवेग मोजता येत नाही. पण फोटॉन तसाही वळत नाही. दोन फोटॉनच्या एका शोधात २.७ व्यस्त फेमटोबार्न नेहमीच्या डेटासोबत हा शून्य क्षेत्रातला ०.६ सुद्धा वेगळी काळजी घेऊन वापरला.

याच शोधमोहिमेत दिसला तो गाजलेला ७५० जीईव्हीचा उंचवटा, म्हणजे आलेखात त्या वस्तुमानाजवळ जास्त भरलेल्या घटना (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं माप). अ‍ॅटलसलाही तो दिसला होता. २०१६ च्या नव्या डेटात तो विरून गेला. "तपासणीत चूक झाली होती का?" असं मला अजून विचारतात. नव्हती. नाणं लागोपाठ आठदा छापा पडतं, तसलाच प्रकार होता. डेटाची तपासणी उपकरणाचा खोटेपणा पकडते, योगायोग पकडणं तिचं काम नाही.

१३. मनासारखं उत्तर येईपर्यंत डेटा गाळत बसलं तर?

म्हणून तर क्रम ठरलेला असतो. शेरा देणाऱ्याला त्या तुकड्यात हिग्जसारखं काही आहे का हे माहीत नसतं, त्याला फक्त उपकरण दिसतं. विश्लेषण करणारेही निवडीचे नियम पक्के होईपर्यंत महत्त्वाचा भाग झाकून ठेवतात. यादी नंतर बदलता येते, पण कारण उपकरणातलं द्यावं लागतं आणि बदल सगळ्यांना लागू होतो.

१४. जपानच्या बेल-२ प्रयोगातही हेच सगळं असतं का?

हेतू तोच, बॅकग्राउंडचा स्वभाव वेगळा. तिथे ७ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि ४ जीईव्हीचे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे प्रतिकण) आदळतात. बीम इतका बारीक पिळलेला असतो की एकाच बंचमधले कण एकमेकांना धक्के देऊन बाहेर फेकतात. याला टाउशेक परिणाम म्हणतात. तो वायूवर आपटून होणाऱ्या बॅकग्राउंडपासून वेगळा काढायला बीमचा प्रवाह तोच ठेवून बंचेसची संख्या बदलतात. गर्दी पांगली की टाउशेक कमी होतो, वायूचा भाग मात्र तसाच राहतो. शिवाय तिथे बीममध्ये सतत नवे कण भरत असतात. नव्याने आलेले कण काही मिलिसेकंद धुडगूस घालतात, तेवढा वेळ ट्रिगर त्यांच्याकडे काणाडोळा करतो. बेल-२ च्या सिलिकॉन डिटेक्टरचा चौथा थर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने बांधलाय, त्यामुळे तिथलं बॅकग्राउंड वाढलं की कुलाब्यातही काळजी वाढते.

१५. आता हे सगळं एआय करेल ना?

काही भाग करतंयच. चांगल्या नकाशांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क वेगळा नकाशा दिसला की खूण करतं, सीएमएसच्या स्फटिकांच्या कॅलॉरिमीटरसाठी असं तंत्र वापरात आलंय. डोळ्यांना न दिसणारा फिका डाग ते पकडतं. पण वेगळं म्हणजे वाईटच असं नाही, आणि ती निवड अजून माणसाकडे आहे. प्रश्न ७ मधला माझा कॉस्मिक नकाशा त्यालाही चुकीच्या संदर्भाशी ताडायला दिला असता तर त्यानेही रात्री तीनला फोन लावला असता.

१६. मी बीएस्सीला आहे. घरच्या लॅपटॉपवर काही करून बघता येईल का?

नक्की. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसचा डेटा २०१४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालाय, सुरुवात २०१० च्या डेटाने झाली. त्याच्यासोबत चांगल्या तुकड्यांची यादीही मिळते. विरुद्ध प्रभाराच्या दोन म्युऑनच्या घटना घ्या आणि दोघांचं मिळून वस्तुमान काढून आलेख करा. ३.१, ९.५ आणि ९१ जीईव्हीच्या आसपास उंचवटे दिसले पाहिजेत. मग तोच आलेख एकदा यादी लावून आणि एकदा न लावता काढा. दोन्ही जवळपास सारखेच दिसतील, आणि तुम्ही मला मेसेज कराल की यादीचा काही उपयोगच नाही. मेसेज करण्याआधी यादीबाहेरचे तुकडे तेवढे वेगळे काढा आणि प्रत्येक तुकड्यात किती म्युऑन आहेत ते मोजा. जिथे शून्य येईल त्या रनचा क्रमांक मला पाठवा.